किल्ली भागूबाईकडे होती

तिचं खरं नाव माहेरच्या माणसांखेरीज फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे तिला भागूबाई म्हणायचे आणि तीही ओ द्यायची. थोरल्या भावाने लहानपणी चिडवायला ठेवलेलं नाव ते. चिकटलं ते चिकटलंच, कारण शोभत होतं. ती पालीला भ्यायची, लिफ्टला भ्यायची, कुत्र्याला भ्यायची आणि कुत्रा दिसला नाही तर तो कुठे दबा धरून बसलाय म्हणून भ्यायची. नवरा होता तोवर त्याच्या मागे लपून तिचे दिवस गेले. तो पालिकेत शिपाई होता. तो अचानक गेला तेव्हा पालिकेने तिला त्याच्या जागी घेतलं आणि चौकातल्या सार्वजनिक हॉलची राखण तिच्याकडे दिली. मुलगा तेव्हा शाळेत होता. नोकरीला नाही म्हणायची सोय नव्हती.

हॉल तसा साधाच होता. दोन बाजूंना उंच खिडक्या, टोकाला लाकडी मंच, बोट चिमटणाऱ्या लोखंडी घडीच्या खुर्च्या आणि सुरू करताच शीळ घालणारा माईक. झाडलोट करायची, खुर्च्या मांडायच्या, पिण्याचं पाणी भरायचं, कार्यक्रम संपला की विसरलेल्या छत्र्या आणि चष्मे कपाटात ठेवायचे. दाराशी एक फळा होता. कोणत्या दिवशी हॉल कुणाला दिलाय, ते तिने खडूने त्यावर लिहायचं.

काम शिकवलं तिच्या आधीच्या राखणदाराने. त्यांना सगळे काका म्हणत. काकांनी तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. हॉल गावातल्या प्रत्येकाचा. आधी येईल त्याला द्यायचा. आत तो काय बोलणार, हे विचारायचं नाही. "आणि पोरी, किल्ली आपल्या कमरेला असते म्हणून हॉल आपला होत नाही," काका म्हणाले होते. "अध्यक्षांचाही होत नाही."

भागूबाईला हे फार बरं वाटलं होतं. यात काही मोठा विचार आहे म्हणून नव्हे. कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही हे तिला ठरवावं लागणार नव्हतं, म्हणून. ठरवायची वेळ आली की ती दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडाकडे पाहायची. इथे फळा रिकामा असेल तर लिहायचं, नसेल तर दुसरा दिवस सांगायचा. कुणी डोळे वटारले तर फळ्याकडे बोट दाखवायचं. भित्र्या माणसाला नियमासारखा दुसरा आडोसा नसतो, हे ती कधी कुणाला बोलून दाखवू शकली नसती, पण ती त्याच आडोशाला इतकी वर्षं उभी होती. हमालांची संघटना आली, गाणं शिकणाऱ्या बायका आल्या, एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन पक्ष लागोपाठच्या दिवशी आले. तिने सगळ्यांना त्याच खुर्च्या मांडून दिल्या.

मग सरहद्दीवर लढाई सुरू झाली.

तिचा मुलगा तोवर सैन्यात भरती झाला होता. तो सरहद्दीकडे गेला त्या दिवसापासून भागूबाईला दोन नव्या भीती लागल्या. फोन वाजला की एक, आणि वाजला नाही की दुसरी. आठवड्यातून एकदा त्याचा आवाज ऐकू यायचा. बरा आहे, जेवलो, तू जेवलीस का, एवढंच. फोन ठेवल्यावर थोडा वेळ ती मोकळा श्वास घ्यायची आणि मग पुन्हा जीव टांगणीला लागायचा.

हॉल त्या दिवसांत सारखा भरलेला असे. जोशपूर्ण भाषणं व्हायची, मुलं गाणी म्हणायची, पालिकेचे अध्यक्ष मूठ उगारून बोलायचे. भागूबाई मागे उभी राहून टाळ्या वाजवायची आणि मनापासून वाजवायची. एवढी माणसं एका सुरात बोलताहेत, म्हणजे आपला मुलगा बरोबर ठिकाणी आहे, असं तिला वाटायचं. त्यातच तिला धीर होता.

मागच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंचा एकुलता एक मुलगा त्या लढाईत मारला गेला, तेव्हा शोकसभाही याच हॉलमध्ये झाली. शिंपीणबाईंना मंचावर मधल्या खुर्चीवर बसवलं होतं. वक्त्यामागून वक्ता उठला. त्या मात्र मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या. एक शब्द बोलल्या नाहीत, रडल्याही नाहीत. भागूबाईने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली. परत तिकडे पाहायची तिची छाती झाली नाही.

काही आठवड्यांनी एका सकाळी भागूबाई पायऱ्या झाडत होती, तेव्हा शिंपीणबाई आल्या. शनिवारी संध्याकाळी हॉल रिकामा आहे का, त्यांनी विचारलं. होता. भागूबाईने खडू उचलला. विचारायचं नव्हतंच, पण शिंपीणबाईंनी आपणहून सांगितलं.

"माझ्या मुलाबद्दल बोलायचंय मला. आणि ही लढाई थांबवा म्हणायचंय. चुकीची आहे ती."

भागूबाईचा हात फळ्यापाशीच थांबला. आपल्या घराच्या दारात कुणी काही अशुभ आणून ठेवावं तसं तिला झालं. लढाई चुकीची असेल, तर मग तिचा मुलगा तिकडे काय करत होता? आणि असलं काही या हॉलमध्ये, तिच्या हातून उघडलेल्या दारातून बोललं गेलं, आणि तिकडे त्याला काही झालं तर?

"माझा अजून तिकडेच आहे हो," ती कशीबशी म्हणाली.

"माहीत आहे. म्हणून तर तुमच्याकडे यायला पाय उचलत नव्हता," शिंपीणबाई म्हणाल्या. "नाही म्हणायचं असेल तर म्हणा. मी समजेन."

भागूबाईला नाहीच म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं. पण नाही कसं म्हणायचं, ते तिला इतक्या वर्षांत शिकवलंच नव्हतं कुणी. फळा रिकामा होता. तिने शिंपीणबाईंचं नाव लिहिलं. अक्षर इतकं वाकडं आलं, की पुसून पुन्हा लिहावं लागलं.

दुपारपर्यंत गावभर झालं. पहिला आला तो भाऊ, म्हणजे दादा. चौकातच त्याचं खिळे-मोळ्यांचं दुकान होतं. दादा तिला ओरडला नाही. ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो खुर्ची ओढून बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, की फ्यूज उडालाय म्हणून सांग, छत गळतंय म्हणून सांग, काहीही सांग. साप मरावा आणि काठीही मोडू नये, एवढं तर तुला जमेल. लोक भडकले आहेत, तिच्यावर भडकलेत त्याहून जास्त तुझ्यावर भडकतील.

"पण फ्यूज उडालेला नाही, दादा."

"मग उडव," दादा म्हणाला.

तो गेल्यावर तिने खरंच फ्यूजच्या डबीपर्यंत जाऊन पाहिलं. हात लावला नाही. विजेलाही ती भ्यायची.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी बोलावलं. त्यांच्या खोलीत ती आधी फक्त फुलदाणीतलं पाणी बदलायला गेली होती. आज त्यांनी तिला बसायला सांगितलं, प्यायला पाणी मागवलं. तिने पेला न पिताच टेबलावर ठेवला. अध्यक्ष गोड बोलले. तुमचा मुलगा देशासाठी लढतोय, तुमच्यासारख्या आईला आम्ही काय सांगावं, असं म्हणाले. फळ्यावरचं ते नाव तेवढं पुसून टाका, बाकी आम्ही पाहतो.

भागूबाईने खाली मान घालून विचारलं, की पालिकेच्या सभेत तसं ठरलंय का. काकांनी तिला सांगितलं होतं, की हॉलचा नियम सभेत ठरलाय, तो बदलायचा तर सभेतच, सगळ्यांसमोर.

"सभा कशाला एवढ्यासाठी? मी सांगतोय ना."

"साहेब, तुम्ही सांगितलं म्हणून मी आज एक नाव पुसलं," ती म्हणाली, "तर उद्या दुसरा कुणी दमात घेईल, त्याच्यासाठी दुसरं पुसावं लागेल. मी भित्री बाई आहे. मला सगळेच दमात घेऊ शकतात. माझ्या मर्जीवर हॉल सोडू नका."

अध्यक्षांना हे उत्तर अपेक्षित नव्हतं. त्यांचा गोडवा ओसरला. नोकरी कुणाच्या कृपेने मिळाली आहे, हे विसरू नका, एवढं बोलून ते दुसऱ्या कामाला लागले. सभा मात्र त्यांनी बोलावली नाही. मुलगा गमावलेल्या आईचं तोंड बंद करण्याचा ठराव सगळ्यांसमोर मांडायला त्यांनाही जड जात असावं.

भागूबाई बाहेर आली. आपण हे बोललो यावर तिचा विश्वास बसत नव्हता. घरी जाताना ओळखीच्या बायका रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या. दुकानात तिला सगळ्यात शेवटी सामान मिळालं. दारावर कुणीतरी चिखलाचा पंजा उमटवला होता. तिने तो पुसला, आत येऊन कडी लावली, आणि कडी लागली आहे ना ते पुन्हा पुन्हा उठून पाहिलं.

शुक्रवारी मुलाचा फोन आला. तो त्याचा फोनचा दिवस नव्हता. आवाज त्याचाच होता, पण ताठ. गावातल्या कुणीतरी त्याला सगळं कळवलं होतं. आई, देऊ नकोस हॉल, तो म्हणाला. आम्ही इथे काय सोसतोय आणि तिथे तुझ्याच हातून हे व्हावं? इथले सोबती मला विचारताहेत, मी त्यांना काय सांगू?

अध्यक्षांना उत्तर देता आलं होतं. याला कसं द्यायचं? हॉल तिच्या मालकीचा असता, तर तिने त्याच क्षणी हो म्हटलं असतं. पोरासाठी ती काहीही करायला तयार होती. पण हॉल तिचा नव्हता.

"माझा नाही रे तो हॉल," ती म्हणाली. "माझं घर असतं तर मी तिला उंबऱ्याशीच अडवलं असतं."

पलीकडे नुसती खरखर सुरू झाली. नीट जेवत जा, ती म्हणाली. फोन बंद झाला. त्याने ठेवला की लाईन तुटली, हे तिला कधीच कळलं नाही. ती फोन मांडीवर घेऊन बसून राहिली. पोराला दुखावलं, आता याच रागात त्याला काही झालं तर, हा विचार तिच्या डोक्यातून जाईना.

शनिवारी ती जीव मुठीत धरून निघाली. चौकात माणसं जमायला लागली होती. काही तरुण होते, पण जास्त होत्या त्या बायका, तिच्यासारख्याच, ज्यांची मुलं तिकडे होती. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग तिला ओळखू आला, कारण तो राग नव्हताच. तिला जी भीती होती, तीच त्यांनाही होती.

दाराशी हवालदार उभा होता. लठ्ठ, घामाघूम, कंटाळलेला. आपण कुणाच्या बाजूचे आहोत, याची त्याने ताकास तूर लागू दिली नव्हती. भागूबाईने कुलूप उघडलं. पहिल्यांदा किल्ली लागलीच नाही, कारण तिने घाईत कपाटाची किल्ली घातली होती.

ऐकायला आले ते बोटांवर मोजण्याइतके. शिंपीणबाईंची बहीण, हमालांच्या संघटनेतला एक म्हातारा, एक शाळामास्तर आणि आणखी दोघंतिघं. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगांपुढे शिंपीणबाई उभ्या राहिल्या. माईकने शीळ घातली. त्यांनी तोंड उघडलं आणि दिवे गेले. बाहेर मेन स्विच कुणीतरी पाडला होता. जमावातून हशा आला. खिडक्यांतून अजून उजेड येत होता. शिंपीणबाईंनी माईक बाजूला सारला आणि नुसत्या आवाजात बोलायला लागल्या.

त्या काही वक्त्या नव्हत्या. मुलगा लहानपणी मशीनखाली बसून चिंध्या गोळा करायचा, तिथून त्यांनी सुरुवात केली. मग म्हणाल्या, की त्याला सरहद्दीवर पाठवताना मला कुणी विचारलं नाही. तो गेल्यावर त्याच्या नावाने जे बोललं गेलं, तेही मला विचारून नव्हतं. "मला इथे याच मंचावर बसवलं होतं. सगळे माझ्या वतीने बोलले. माझ्या वतीने मीच बोलायची राहिले होते."

भागूबाई दाराशी उभी होती. तिला कान झाकून घ्यावेसे वाटत होते. प्रत्येक वाक्यागणिक तिला आपला मुलगा डोळ्यांपुढे दिसत होता. मनात ती म्हणत होती, हे खोटं असू दे, ही बाई दुःखाने बहकलेली असू दे. तिला ते पटलं नाही. पटून चालणारच नव्हतं. पण ती दारातून हलली नाही.

पहिला दगड खिडकीवर आला. काचा आतल्या खुर्च्यांवर सांडल्या आणि एक तुकडा भागूबाईच्या मनगटाला लागला. ती किंचाळली. दगडाला नव्हे, रक्ताला. पायऱ्यांवर दोघं तरुण चढून आले आणि एकाने किल्ल्यांसाठी हात पुढे केला. मावशी, किल्ल्या द्या, हॉल बंद करायचा आहे, तो म्हणाला. तिने जुडगा दोन्ही हातांनी पोटाशी धरला. तिने नकारार्थी मान हलवली.

तेव्हा कुठे हवालदार हलला. तो जमावाकडे वळून अगदी सावकाश म्हणाला, "ओरडायचं तेवढं ओरडा. ती आत बोलतेय, तुम्ही बाहेर बोला. मला दोन्हीशी कर्तव्य नाही. पण दगड म्हणजे बोलणं नाही. पुढचा दगड ज्याच्या हातात दिसेल, त्याला मी घेऊन जाणार."

जमाव ओरडत राहिला, पण पायऱ्यांवरचे तरुण खाली उतरले. त्याच गर्दीतून दादा पुढे आला. इतका वेळ तो तिथेच, तिच्या विरुद्ध बाजूला उभा होता. तो बहिणीजवळ आला, खिशातला रुमाल काढून तिच्या मनगटाला बांधला, आणि आत जाऊन शेवटच्या रांगेत काचा झटकून बसला.

"ऐकायला नाही बसलो," तो पुटपुटला. "तुला दुसरा दगड लागू नये म्हणून बसलोय."

शिंपीणबाईंचं बोलणं अंधारून यायच्या आत संपलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बहिणीने त्यांना मागच्या दाराने नेलं. दादाने मेन स्विच वर केला. तो पाडला कुणी, हे भागूबाईने त्याला विचारलं नाही. दोघांनी मिळून काचा झाडल्या.

आता अध्यक्षांनी पालिकेची सभा बोलावली. भागूबाईला काढून टाका, असं काही जण म्हणाले. पण तिने मोडला कोणता नियम, हे कुणालाच सांगता येईना, आणि सरळमार्गी म्हणून ओळखला जाणारा एक सभासद उठून म्हणाला, की मग उद्या आपल्यालाही कुणी असंच काढेल. तिची नोकरी राहिली. नियम मात्र बदलला. हॉल कुणाला द्यायचा, ते इथून पुढे अध्यक्ष ठरवतील. ठराव हात वर करून झाला आणि जवळजवळ सगळे हात वर गेले. भागूबाईने फळा उतरवून आत ठेवला. कुणी विचारलं तर ती आता पालिकेच्या ऑफिसकडे बोट दाखवू लागली.

सुरुवातीला कुणाचं काही अडलं नाही. मग गाणाऱ्या बायकांना महिनाभर थांबवलं गेलं, कारण त्यांच्यातल्या एकीच्या नवऱ्याचं अध्यक्षांशी वाजलं होतं. हमालांना तर दारातूनच परत पाठवलं. ज्यांनी दगडाच्या दिवशी घोषणा दिल्या होत्या, त्यांनाही हॉल मिळेना, कारण त्यांनी तुंबलेल्या गटारांवर सभा घ्यायची ठरवली होती. त्यांच्यातलाच किल्ल्या मागणारा तरुण एकदा भागूबाईकडे येऊन कुरकुरला, की हॉल काय अध्यक्षांच्या बापाचा आहे का. तिने नेहमीसारखं ऑफिसकडे बोट दाखवलं. तिला अजूनही त्याची भीती वाटत होती. पुढच्या निवडणुकीत अध्यक्ष पडले ते गटारांमुळे. जुना नियम परत आला, तो नव्या लोकांना स्वतःला फार वेळा 'हॉल मिळणार नाही' हे ऐकावं लागलं होतं म्हणून. तत्त्वासाठी असं कुणी काही केलं नाही. फळा पुन्हा दाराशी लागला.

त्या निवडणुकीआधीच लढाई थांबून मुलगा परतला होता. हातीपायी धड होता. भागूबाईने त्याला दारातच दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं. पण त्याच्या मनातली अढी गेली नव्हती. मी असतो तर त्यांना हॉल उघडून दिला नसता, त्याने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. तुझं मत तुझ्यापाशी, तू बोलून दाखवलंस ते बरं केलंस, ती म्हणाली. त्यानंतर बरेच दिवस मायलेकांत कामापुरतं बोलणं होतं. ती त्याला समजवायला गेली नाही. स्वतःलाच जे पुरतं उमगलं नव्हतं, ते त्याला काय समजावणार? झोपेत तो दचकून उठायचा. तिला पलीकडच्या खोलीत ऐकू यायचं, आणि जाऊन हात धरावा की नको, हे तिला ठरवता यायचं नाही.

हळूहळू बोलणं सुरू झालं. आधी बाजारहाटाचं, मग दादाच्या दुकानातल्या गमतींचं. एका रविवारी त्याने विचारलं, की त्या दिवशी शिंपीणबाई नक्की काय बोलल्या. तिने जसंच्या तसं सांगितलं असतं, तरी ते तिच्या तोंडून आलेलं असतं.

"त्यांनाच विचार," ती म्हणाली. "मागच्याच गल्लीत आहेत."

दोन-चार दिवसांनी कपाट उघडून त्याने एक जुना सदरा काढला, बाही उसवलेला, आणि काखेत मारून घराबाहेर पडला. ती खिडकीशी उभी राहिली. तिथे भांडण होईल का, तो शिंपीणबाईंना काही लागेलसं बोलेल का, की त्याच त्याला पाहून कोसळतील? गॅसवर दूध उतू गेलं तेव्हा तिला कळलं, की आपण किती वेळ उभ्या आहोत.

तो उशिरा परतला. सदरा शिवून आला होता. तिथे काय बोलणं झालं, हे त्याने सांगितलं नाही, आणि जिभेच्या टोकावर आलेला प्रश्न तिनेही गिळला.

"टाका चांगला घालतात," तो म्हणाला, आणि सदरा तिच्या हातात देऊन हात धुवायला गेला.